पांढरी काठी आणि थांबण्याचे कर्तव्य

वाहन चालविण्याचा शिकाऊ परवाना मिळविण्यासाठी आपल्या देशात जी लहानशी परीक्षा द्यावी लागते, तिच्या प्रश्नसंग्रहात एक प्रश्न असा आहे की, हाती पांढरी काठी घेतलेली अंध व्यक्ती रस्ता ओलांडीत असता चालकाने काय करावे. आणि त्याखाली, हॉर्न वाजवून पुढे जावे, वेग कमी करून सावधपणे पुढे जावे, किंवा ती काठी हीच थांबण्याची वाहतूक-खूण समजून वाहन उभे करावे, असे तीन पर्याय दिलेले असतात. ह्यांपैकी तिसरा पर्याय बरोबर धरला जातो. दुसरा पर्याय सकृद्दर्शनी समंजस वाटतो, आणि रस्त्यावरील बहुसंख्य सज्जन चालकांचे आचरणही त्याच पर्यायाला धरून असते. तरीही त्याला गुण मिळत नाहीत, आणि ते मिळू नयेत हेच न्याय्य आहे. ते न्याय्य का आहे, ह्या नियमाच्या मुळाशी कोणता इतिहास आणि कोणते गणित आहे, आणि थांबणे ह्या साध्या दिसणाऱ्या कृतीत काय काय अंतर्भूत होते, ह्याचा विचार ह्या प्रकरणात करावयाचा आहे.

हा विचार मूठभर लोकांपुरता आहे असेही कोणी मानू नये. २०११ च्या जनगणनेत दृष्टीसंबंधी अपंगत्व असलेल्या ५० लाखांहून अधिक व्यक्तींची नोंद झाली आहे. आणि केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक खात्याने प्रसिद्ध केलेल्या आकड्यांनुसार २०२२ ह्या एका वर्षात देशातील रस्त्यांवर ३२,८२५ पादचारी मृत्युमुखी पडले, म्हणजे दर दिवशी सुमारे ९०. डोळस माणसालाही जेथे रस्ता ओलांडणे हे असे जिवावरचे काम होऊन बसले आहे, तेथे ज्याला येणारे वाहन दिसतच नाही त्याने घराबाहेर पडावे की नाही, हा प्रश्न प्रत्यक्षात चालकांच्या वर्तनावरच सोपविला गेलेला असतो.

काठी पांढरी कशी झाली

अंध माणूस काठीच्या आधाराने चालतो ही गोष्ट पुरातन आहे. परंतु ती काठी पांढरी असावी ही कल्पना मात्र सर्वस्वी मोटारयुगातील आहे. बैलगाडी आणि टांगा ह्यांच्या काळी रस्त्यावरचे वाहन संथ असे, घुंगरांचा आणि टापांचा आवाज त्याच्या पुढे चालत असे, आणि ते ओढणाऱ्या जनावराला स्वतःचे डोळे असत. मोटार आली तेव्हा वेग वाढला, आणि सारी सावधगिरी एका माणसाच्या नजरेत येऊन एकवटली. इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरी राहणारे जेम्स बिग्ज हे व्यवसायाने छायाचित्रकार होते. अपघातात दृष्टी गेल्यावर, घराभोवतालच्या वाढत्या रहदारीत आपण चालकांच्या नजरेत भरावे म्हणून त्यांनी १९२१ साली आपली काठी पांढऱ्या रंगाने रंगविली. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात पिओरिया नावाचे शहर आहे. तेथील लायन्स क्लबचे जॉर्ज बॉनहॅम ह्यांनी, काळी काठी घेतलेल्या एका अंध गृहस्थाची भर रस्त्यात झालेली तारांबळ पाहून, हीच कल्पना क्लबापुढे मांडली आणि १९३० च्या डिसेंबरात पिओरियाच्या नगरसभेने, पांढरी काठी धारण करणाऱ्या अंध पादचाऱ्यास रस्त्यात अग्रहक्क देणारा ठराव संमत केला. पुढे दोनच महिन्यांनी, १९३१ च्या फेब्रुवारीत, पॅरिस येथे गिली देरबेमाँ ह्या बाईंच्या पुढाकाराने पांढऱ्या काठ्यांच्या वाटपाचा समारंभ झाला, आणि त्यानंतर हजारो अंधांच्या हाती ती काठी गेली.

ह्या तीन घटनांत पिओरियाच्या ठरावाचे महत्त्व मला विशेष वाटते. तोपर्यंत पांढरी काठी पाहून थांबणे अगर न थांबणे हे चालकाच्या भूतदयेवर अवलंबून होते; त्या ठरावाने काठीला कायद्याचा अर्थ प्राप्त झाला, आणि जी मेहरबानी होती तिचे रूपांतर हक्कात झाले.

तथापि ही काठी अद्याप आखूडच होती. ती धरणाराची ओळख पटवी, परंतु त्याला वाट दाखवीत नसे. ती उणीव दुसऱ्या महायुद्धाने दृष्टी हिरावून घेतलेल्या सैनिकांमुळे दूर झाली. पेन्सिल्व्हेनियातील व्हॅली फोर्ज येथील लष्करी रुग्णालयात रिचर्ड हूव्हर ह्यांनी १९४४ च्या सुमारास लांब व हलक्या काठीची पद्धत सिद्ध केली. ह्या पद्धतीत काठी साधारणतः छातीच्या हाडापर्यंत पोचेल इतकी लांब असते. चालणारा ती खांद्यांच्या रुंदीहून किंचित अधिक अशा कमानीत डावी-उजवीकडे फिरवितो, आणि उजवे पाऊल पुढे पडताना काठीचे टोक डावीकडे, तर डावे पाऊल पडताना उजवीकडे टेकते, जेणेकरून पुढचे पाऊल जेथे पडावयाचे ती जागा काठीने आधीच तपासलेली असते. आज आपल्याकडील संस्थांत चलनवलनाचे जे शिक्षण दिले जाते त्याचा पाया हाच आहे. १९६४ साली अमेरिकी काँग्रेसच्या ठरावानुसार राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन ह्यांनी १५ ऑक्टोबर हा दिवस पांढऱ्या काठीच्या सुरक्षिततेचा दिवस म्हणून घोषित केला, आणि आता आपल्याकडेही अंधांच्या संस्था तो दरसाल पाळतात.

कानांनी ओलांडलेला रस्ता

अंध व्यक्ती रस्ता कसा ओलांडते ह्याची कल्पना ज्या चालकाला नाही, त्याचा सद्‌हेतूही पुष्कळदा घातक ठरतो. म्हणून ही क्रिया थोडी तपशिलाने समजून घेणे अवश्य आहे. प्रथम पदपथाची कडा शोधावयाची असते. ती पायरीसारखी उंच असेल तर काठीला तत्काळ लागते. परंतु चाकांच्या खुर्चीसाठी ती उतरती केलेली असेल, अथवा डांबराचे थर चढत चढत रस्ताच पदपथाच्या उंचीला आला असेल, तर पदपथ कोठे संपला आणि रस्ता कोठे सुरू झाला हे काठीला कळत नाही. कडा सापडली की शरीर समोरच्या बाजूला अगदी सरळ रोखून धरावयाचे असते, कारण निघताना झालेली तसूभर चूक रस्त्याच्या मध्यापर्यंत कित्येक फुटांची होते आणि माणूस पलीकडच्या पदपथाऐवजी चौकाच्या पोटात जाऊन उभा राहतो. हा सरळपणा साधण्याचे मुख्य साधन म्हणजे आवाज. आपण ज्या दिशेने जाणार त्याच दिशेने शेजारून वाहणारी वाहने आणि आडव्या दिशेने समोरून जाणारी वाहने असे दोन प्रवाह कानाने वेगळे करावयाचे; आडवा प्रवाह थांबला, त्याची इंजिने जागच्या जागी घुरघुरू लागली, आणि शेजारच्या प्रवाहाचा सिग्नल सुटून तो एकदम पुढे झाला, की तो क्षण हाच अंध पादचाऱ्याचा हिरवा दिवा असतो. त्याच क्षणी निघावयाचे, आणि शेजारचा प्रवाह सतत एका बाजूला ठेवून सरळ जावयाचे, असा हा क्रम आहे.

एवढे ध्यानात आले म्हणजे, ह्या श्रवणावर जे जे आघात होतात ते सर्व अपघाताला आमंत्रण देणारे आहेत हे आपोआप स्पष्ट होते. पावसाच्या सरीने आवाज पुसले जातात. मिरवणुकीतील ढोल आणि ध्वनिवर्धक जवळ असले म्हणजे दिशाच नाहीशी होते. रस्त्याच्या कडेला उभा केलेला ट्रक आपल्यामागून येणाऱ्या वाहनाचा आवाज झाकून टाकतो. आणि जेथे वाहने गोल फिरत राहतात अशा वर्तुळाकार चौकात प्रवाह कधी थांबतच नाही, त्यामुळे निघण्याचा क्षण कानाला सापडत नाही. सर्वांत अधिक धोका मात्र वळणाऱ्या वाहनाचा. पुष्कळ चौकांत डावीकडे वळण्याची जी मोकळी मुभा असते तिचा फायदा घेऊन येणारे वाहन अंध पादचाऱ्याने आधारासाठी धरलेल्या शेजारच्या प्रवाहातूनच बाहेर पडते, आणि ज्या आवाजाने त्याला अभय दिले त्याच आवाजाच्या आडून ते त्याच्यावर येते.

आता जेथे सिग्नल नाही अशा रस्त्याचा हिशेब मांडून पाहू. चौदा मीटर रुंदीचा रस्ता, सेकंदास १.२ मीटर ह्या रीतसर चालीने ओलांडावयास सुमारे १२ सेकंद लागतात. ताशी ५० किलोमीटर वेगाचे वाहन एका सेकंदात जवळजवळ १४ मीटर जाते. तेव्हा १२ सेकंदांत ते सुमारे १६० मीटर अंतर कापील. म्हणजे, केवळ स्वतःच्या सावधगिरीवर विसंबून सुखरूप पलीकडे जावयाचे तर अंध माणसाला १६० मीटरवरील वाहनाचा आवाज शहराच्या कोलाहलातून निवडून काढता आला पाहिजे, आणि हे मानवी कानाच्या शक्तीबाहेरचे आहे. उलट पक्षी, तोच वेग असलेल्या दक्ष चालकाला काठी दिसल्यापासून ब्रेकवर पाय येईपर्यंत एक सेकंद, म्हणजे १४ मीटर, आणि नंतर कोरड्या रस्त्यावर गाडी थांबेपर्यंत आणखी साधारण तितकेच अंतर, असे २८ मीटर पुरेसे असतात. आणि वेग ताशी ३० किलोमीटर असेल तर अवघ्या १३ मीटरांत काम भागते. एकाला जे १६० मीटरांवरूनही साधत नाही ते दुसऱ्याला २८ मीटरांत साधते. ज्याच्या हाती अपघात टाळण्याचे सामर्थ्य आहे आणि ज्याच्या यंत्रामुळेच तो धोका उत्पन्न झाला आहे, त्याच्यावरच तो टाळण्याची जबाबदारी असावी, हा न्याय केवळ करुणेतून निघालेला नाही. तो ह्या आकड्यांतूनच निघतो. वेग कमी करून पुढे जावे ह्या उत्तराला गुण का मिळत नाहीत, ह्याचेही कारण येथेच सापडते: मंद झालेले वाहन थांबणार की निसटून जाणार हे कानाला सांगता येत नाही, आणि ज्या संशयात पाऊल उचलता येत नाही त्या संशयातच ते वाहन अंध माणसाला उभे करून ठेवते.

थांबावे कसे

म्हणून थांबावयाचे ते निःसंदिग्धपणे. पांढऱ्या पट्ट्यांच्या अलीकडे, रेषेवर चढून न येता, परंतु इंजिनाचा आवाज ऐकू जाईल इतक्या जवळ गाडी उभी करावी, आणि तो माणूस पलीकडच्या पदपथावर चढेपर्यंत ती तसूभरही पुढे सरकवू नये. कारण सरकत्या गाडीचा आवाज हा त्याच्या लेखी निघालेल्या गाडीचा आवाज असतो. हॉर्न मुळीच वाजवू नये. हॉर्न वाजविणाराच्या मनात ‘मी थांबलो आहे, तुम्ही जा’ असे असेल, किंवा ‘बाजूला व्हा’ असेही असेल. ऐकणाराला ह्यांतले काहीच कळत नाही, आणि दचकून तो जागीच थबकतो किंवा मागे फिरतो. हाताने खुणा करणे निरर्थक आहे हे सांगावयास नको, परंतु असंख्य चालक त्या करतात. काचेतून ‘चला, चला’ असे ओरडणेही हितावह नाही, कारण त्या चालकाने स्वतः थांबून मार्ग दिला तरी पलीकडच्या रांगेतील वाहनांची हमी त्याला देता येत नाही. आणि पुढची गाडी पट्ट्यांपाशी उभी दिसली तर तिच्या डाव्या बाजूने दुचाकी घालून पुढे जाणे, हा आपल्याकडचा नित्याचा प्रघात, अंध पादचाऱ्याच्या बाबतीत सर्वांत क्रूर ठरतो; थांबलेल्या गाडीने दिलेल्या विश्वासावर तो पाऊल टाकतो, आणि नेमक्या त्याच विश्वासावर आघात होतो.

विजेवर चालणाऱ्या गाड्यांनी ह्यात एक नवी अडचण आणली आहे. कमी वेगात त्या जवळपास निःशब्द असतात, आणि वळताना, मागे घेताना, चौकात निघताना वेग कमीच असतो. म्हणून युरोपीय संघाने २०२१ च्या जुलैपासून सर्व नव्या विद्युत मोटारींवर, ताशी २० किलोमीटर वेगापर्यंत आपोआप आवाज करणारे यंत्र सक्तीचे केले. अमेरिकेनेही ह्याच हेतूने स्वतंत्र कायदा करून ताशी सुमारे ३० किलोमीटरपर्यंत तशी तरतूद केली. ज्याच्या गाडीला आवाज नाही अशा चालकाने, आपण ऐकू येत नाही हे सदैव स्मरणात ठेवून, इतरांपेक्षा अधिक आधी आणि अधिक पूर्णपणे थांबले पाहिजे.

चालकाचे कर्तव्य गाडी चालवितानाच लागू होते असे नाही, ती उभी करतानाही होते. पदपथावर चढविलेली दुचाकी अंध माणसाला रहदारीत उतरावयास लावते. काठी जमिनीलगतचे अडथळे शोधते, कमरेवरचे शोधू शकत नाही. त्यामुळे ट्रकचा उघडा सोडलेला फाळका, टेम्पोबाहेर आलेल्या लोखंडी सळ्या आणि बाजूला निघालेले आरसे हे थेट चेहऱ्यावर लागतात. आणखी एक गोष्ट. काठी बाळगणारे सर्वच जण पूर्णतः अंध नसतात. कित्येकांना उजेड कळतो, कित्येकांना समोरचा एवढासा तुकडा दिसतो आणि बाजूचे काहीच दिसत नाही. अशी व्यक्ती क्षणभर मोबाइलकडे पाहताना दिसली म्हणून तिच्या काठीविषयी शंका घेण्याचा अधिकार कोणाही चालकाला नाही. जो पादचारी मदत करू इच्छितो त्यानेही आधी विचारावे, आपला कोपर पुढे करावा आणि अर्धे पाऊल पुढे चालावे. काठी ओढणे किंवा पाठीमागून ढकलत नेणे हे साहाय्य नव्हे.

कायद्याने काय म्हटले

पूर्वीच्या न्यायालयांपुढे अशा फिर्यादी गेल्या म्हणजे प्रतिवादीची कैफियत ठरलेली असे: दिसत नसताना हा मनुष्य एकटा बाहेर पडला हाच त्याचा निष्काळजीपणा. ह्या युक्तिवादाला इंग्लंडच्या उमरावसभेने १९६४ साली ‘हेली विरुद्ध लंडन इलेक्ट्रिसिटी बोर्ड’ ह्या खटल्यात निर्णायक उत्तर दिले. वीजमंडळाच्या कामगारांनी पदपथावर चर खणून त्याच्या अलीकडे लांब दांड्याचे एक अवजार आडवे टाकून ठेवले होते. डोळसाला ते पुरेसे होते. रोज त्याच वाटेने एकटा कामाला जाणारा अंध मनुष्य काठीने वाट चाचपीत आला, काठीला ते लागले नाही, तो पडला आणि त्याची श्रवणशक्तीही गेली. खालच्या दोन्ही न्यायालयांनी त्याचा दावा फेटाळला. परंतु उमरावसभेने असा निर्वाळा दिला की, शहराच्या पदपथांवर अंध माणसे एकटी वावरतात ही सर्वविदित गोष्ट आहे, ती आधी ध्यानात घेणे हे काम करणाराचे कर्तव्य आहे, आणि ते न केल्यास कसूर त्याचा आहे.

ह्यानंतर दोनच वर्षांनी, १९६६ मध्ये, बर्कले येथील विद्यापीठाचे प्राध्यापक जेकोबस टेनब्रोक ह्यांनी कॅलिफोर्नियाच्या एका विधिविषयक नियतकालिकात, अपंगांचा जगात वावरण्याचा हक्क ह्या विषयावर आपला प्रसिद्ध निबंध लिहिला. टेनब्रोक स्वतः अंध होते आणि अमेरिकेतील अंधांच्या राष्ट्रीय महासंघाचे संस्थापक होते. समाजाने एका तोंडाने अंधांना शिकवावे, नोकरीस लावावे, स्वावलंबी व्हा म्हणून सांगावे, आणि दुसऱ्या तोंडाने, रस्त्यावर आलात म्हणून दोष तुमचाच असे न्यायालयात बजावावे, ही विसंगती त्यांनी उघडी केली. आणि त्याच विचारातून तयार झालेल्या नमुना कायद्याच्या आधारे अमेरिकेतील अनेक राज्यांनी पांढऱ्या काठीसंबंधीचे आपापले कायदे केले.

आपल्याकडे २०१७ च्या मोटार वाहन चालनविषयक विनियमांनी पादचारी, सायकलस्वार, मुले, वृद्ध आणि अपंग ह्यांच्या सुरक्षिततेची विशेष काळजी घेण्याचे कर्तव्य चालकावर स्पष्ट शब्दांत टाकले आहे, आणि जेथे सिग्नल नाही अशा पट्ट्यांपाशी वेग कमी करून, थांबून, पादचाऱ्यास वाट देण्याचा हुकूम केला आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्याने रस्ते व वाहतूक त्यांना वापरता येतील अशी करण्याची जबाबदारी शासनावर ठेवली. आणि राजीव रतुडी ह्या दृष्टिहीन याचिकाकर्त्यांच्या प्रकरणात २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने, अशा सोयींची मानके केवळ शिफारशी म्हणून ठेवता येणार नाहीत, ती बंधनकारक असली पाहिजेत, असा निर्णय दिला. तेव्हा आपल्याकडे उणीव आहे ती कायद्याची नसून अंमलाची आहे.

रस्त्याने साक्ष द्यावी

चालकाच्या कर्तव्याला रस्त्याच्या रचनेचीही जोड लागते. जपानमधील ओकायामा शहरी सेइइची मियाके ह्यांनी १९६५ साली, पायाला आणि काठीला कळतील अशा उंचवट्यांच्या फरश्या योजिल्या, आणि १८ मार्च १९६७ रोजी तेथील अंधशाळेजवळच्या रस्त्याकडेला त्या प्रथम बसविण्यात आल्या. ह्यांत लांबट उंचवटे ‘ह्या दिशेने चला’ असे सांगतात आणि गोल ठिपके ‘येथे थांबा’ असे सांगतात. ब्रिटनमध्ये सिग्नलचे बटण असलेल्या पेटीखाली एक लहानसा शंकू असतो. चालण्याची पाळी आली की तो फिरू लागतो, आणि बोटाने त्याला स्पर्श करणाराला ते कळते. एकमेकांजवळ दोन ठिकाणी पट्टे असले म्हणजे सिग्नलचा आवाज कोणत्या पट्ट्यांसाठी झाला ह्याचा जो घोटाळा होतो, तो ह्यामुळे टळतो. आपल्या शहरांतील अनेक नव्या पदपथांवर पिवळ्या फरश्यांची रांग आता दिसते. परंतु तीच रांग पुढे एखाद्या झाडाच्या बुंध्यावर, विजेच्या पेटीवर किंवा दुकानाने बाहेर मांडलेल्या मालावर जाऊन आदळते, तेव्हा जिने वाट दाखवावयाची तीच वाट चुकविणारी होते. अशी फरशी बसविण्यापूर्वी तिच्यावरून चालणाऱ्या अंध नागरिकांना विचारण्याचा साधा दस्तूर पालिकांनी घालून घेतला, तर हा सारा खर्च सार्थकी लागेल.

महाराष्ट्रात अंधांच्या शिक्षणाला शतकाहून अधिक काळ लोटला आहे; मुंबईत १९०० साली अ‍ॅना मिलार्ड ह्यांनी काढलेली शाळा आज दादरची अंध मुलींची शाळा म्हणून प्रसिद्ध आहे, आणि पुण्याची अंधशाळा १९३४ पासून चालू आहे. अशा शाळांतून शिकून बाहेर पडलेली माणसे बँकांत, विद्यापीठांत, न्यायालयांत आणि कचेऱ्यांत काम करीत आहेत. ह्या सर्वांच्या शिक्षणावर समाजाने जे श्रम वेचले, त्यांचे फळ घर आणि कचेरी ह्यांच्या मधल्या रस्त्यावर रोज नव्याने पणाला लागते. शिक्षकाने त्यांना काठी कशी धरावी हे शिकविले. त्या काठीचा अर्थ पाळण्याचे काम शिक्षकाचे नाही, परवाना खिशात बाळगणाऱ्या प्रत्येकाचे आहे. परवान्यासाठी अर्ज करताना ज्या नियमांना आपण मान तुकविली त्यांत हा एक नियम होता, आणि तो पाळण्यास पंधरावीस सेकंदांहून अधिक वेळ लागत नाही. तेव्हा काठी दिसताच गाडी उभी करावी, ती मुकाट्याने उभी ठेवावी, आणि तो नागरिक आपल्या हक्काने पलीकडे पोचल्यावर मगच तिला पुन्हा गती द्यावी.